भाड्याच्या घरातला तोटा आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स: अमेरिकेतला हिशोब कसा करायचा

अमेरिकेत स्वतःचं कन्सल्टिंग करणाऱ्यांनी एखादं घर भाड्याने दिलेलं असलं की टॅक्स भरायच्या वेळी प्रश्न ठरलेला, घरात १२,००० डॉलर तोटा दिसतोय, तो धंद्याच्या नफ्यातून वजा केला तर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःचा धंदा करणाऱ्याने सरकारी पेन्शन नि म्हातारपणीच्या आरोग्यविम्यासाठी भरायचा कर) कमी होईल ना? नाही होत. इन्कम टॅक्स कमी होऊ शकतो, हा नाही.

आधी कागद वेगळे करा. टॅक्स रिटर्नला जोडायच्या फॉर्मांपैकी धंद्याचं सगळं शेड्यूल सी वर, भाड्याचं शेड्यूल ई वर, आणि घराचं डेप्रिसिएशन, म्हणजे घर जुनं होत जातं म्हणून दरवर्षी खर्च धरायचा किमतीचा वाटा (जागेची किंमत सोडून, साडेसत्तावीस वर्षांत) शेड्यूल ई मध्येच धरायचं. बऱ्याचदा खिशातून फारसं काही गेलेलं नसतं, तोटा या डेप्रिसिएशनचाच असतो.

मग सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स काढून मोकळे व्हा, शेड्यूल ई कडे बघूच नका. धंद्याचा नफा ८०,००० असेल तर त्याचे ९२.३५ टक्के म्हणजे ७३,८८०, त्यावर १५.३ टक्के, झाले साधारण ११,३०४ डॉलर. भाड्यात बारा हजार गेले काय नि चाळीस गेले काय, आकडा तोच. साधं घरभाडं कायद्यानेच या टॅक्सच्या बाहेर ठेवलंय, नफा झाला तरी त्यावर हा टॅक्स लागत नाही, मग तोट्याची सूट कुठून मिळणार!

आता इन्कम टॅक्स. भाडेकरू निवडणं, भाडं ठरवणं हे तुम्ही स्वतः बघत असाल तर २५,००० पर्यंतचा तोटा बाकीच्या कमाईतून वजा होतो. पण एमएजीआय (काही वजावटी न धरता काढलेलं वर्षाचं एकूण उत्पन्न) एक लाखाच्या वर गेलं की वरच्या प्रत्येक डॉलरमागे या २५,००० मधून पन्नास सेंट कापतात, दीड लाखाला सगळं संपलं. जोडीदाराचा पगार धरून १,३०,००० होत असतील तर यंदा १०,००० च वजा होतील, उरलेले दोन हजार फॉर्म ८५८२ वर (अशा अडकलेल्या तोट्याचा हिशोब ठेवायचा फॉर्म) पुढच्या वर्षी. आणि हो, अर्ध्या सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सची जी वजावट मिळते ती हे एमएजीआय काढताना धरायची नाही, इथे भलेभले चुकतात.

घरं-जागांच्या धंद्यात वर्षाला ७५० तासांहून जास्त काम करणाऱ्यांचा 'रिअल इस्टेट प्रोफेशनल' नियम बसला (निम्म्याहून जास्त कामही त्यातच हवं) तरी फायदा इन्कम टॅक्सपुरताच.

अपवाद एअरबीएनबीसारख्यांचा. पाहुण्यांना रोजची साफसफाई, नाश्ता वगैरे देत असाल तर तो धंदाच, शेड्यूल सी वर जातो, तुम्ही स्वतः पुरेसं राबत असाल तर तिथला तोटा खरंच सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स कमी करतो. फक्त तेवढ्यासाठी नाश्ता सुरू करू नका, नफ्याच्या वर्षी तेच १५.३ टक्के तुमच्याच मानेवर बसतात.