जुनं इंजिन कानाने ओळखा

रंगावर जाऊ नका. पीओएच होऊन, म्हणजे वर्कशॉपमध्ये पुरतं उघडून, दुरुस्त होऊन आलेलं पंचवीस वर्षांचं इंजिन कोऱ्या इंजिनाइतकंच चकाकतं. कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये मी फिटर होतो आणि नोकरीची बरीच वर्षं टॅप चेंजरवर, म्हणजे मोटरचं व्होल्टेज पायरीपायरीने बदलणाऱ्या यंत्रावर गेली. म्हणून सांगतो, मुंबईकडे जुनं इंजिन बघायचं असेल तर डोळ्यांनी फक्त आकडा वाचा. बाकीचं काम कानांवर सोडा.

आकड्याचा हिशोब सोपा आहे. इंजिनाच्या तोंडावर आणि बाजूला पाच आकडी नंबर असतो. विजेच्या इंजिनाचा नंबर २ ने सुरू होत असेल तर ते जुन्या घराण्यातलं समजा. २२ ने सुरू होणारी बहुतेक वॅप-४, २७ आणि २८ वाली वॅग-७. ३० ते ३३ मधली बहुतेक नव्या थ्री-फेज घराण्यातली, वॅप-७ किंवा वॅग-९. वॅप-४ प्रवासी गाड्यांना लागते, वॅग-७ मालगाडीसाठी बनलेली. दोघींची ताकद ५००० अश्वशक्तीच्या आसपास. नंबराजवळ शेडचं नाव असतं. बऱ्याच इंजिनांवर शेवटच्या पीओएचची तारीखही रंगवलेली असते, तीही वाचा. नव्या रंगाखाली किती वर्षं दडली आहेत ते तिथेच कळतं.

आता फरक कशाचा, ते समजून घ्या, म्हणजे आवाजाचा अर्थ लागेल. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. जुन्या इंजिनात ट्रान्सफॉर्मरला टप्पे काढलेले असतात, ३२ नॉच. ड्रायव्हर एकेक नॉच चढवतो तसा जीआर, म्हणजे टॅप चेंजर, एकेका टप्प्यावर सरकतो आणि मोटरचं व्होल्टेज पायरीपायरीने वाढतं. या हालचालीत सीजीआर काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच, उघडतात-मिटतात, त्यांच्या टोकांवर ठिणगी उडते. तीच टोकं आम्ही घासून, मापून, झिजली की बदलून लावायचो. नव्या इंजिनात हे काहीच नाही. तिथे इलेक्ट्रॉनिक्स तीन फेजची वीज तयार करून एसी मोटरला देतं. भारतात अशी पहिली इंजिनं १९९५-९६ मध्ये एबीबी या परदेशी कंपनीकडून आली, वॅप-५ आणि वॅग-९. त्यानंतरही वीसेक वर्षं चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात टॅप चेंजरवाली इंजिनं बनतच होती, म्हणून ती आजही रुळावर आहेत.

ऐकायला कर्जतला जा. घाटाची चढण ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला, पण चढ तोच आहे आणि आजही इथे गाड्यांना बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लावतात. वंदे भारतला ते लागत नाहीत, म्हणून तिची वाट बघू नका. पुण्याकडे जाणारी नेहमीची एक्स्प्रेस निवडा.

फलाटाच्या मुंबईच्या टोकाला उभे राहा, कारण बँकर मागून येतात. गाडी थांबली की ते सावकाश पुढे सरकतात आणि कपलिंगचा ठोका ऐकू येतो. मग माणूस खाली उतरून ब्रेक पाइप जोडतो. कोंडलेली हवा सुटल्याचा 'फुस्' आवाज येतो आणि नंतर दाब भरायला थोडा वेळ जातो. एवढा वेळ तुमचा. नंबर वाचा आणि वॅग-७ असेल तर डोळे मिटून ऐका. सतत चालणारी खोल घूं म्हणजे आर्नो, जो इंजिनातल्याच विजेपासून आतल्या पंख्या-पंपांच्या मोटरांना लागणारी तीन फेजची वीज बनवतो. त्याच्यावर ब्लोअरचा, म्हणजे मोठ्या पंख्यांचा वारा. चाकं फिरवणाऱ्या मोटरी कमी वेगात पूर्ण भार ओढतात तेव्हा तापतात, म्हणून त्यांना वारा द्यावाच लागतो.

पाइप जोडून झाला की चार डबे लोणावळ्याच्या दिशेने चालत पुढे जा, म्हणजे बँकर भारावर असताना तुमच्यासमोरून जातील. पुढच्या इंजिनाची शिट्टी येते, मागून उत्तर येतं आणि गाडी हलते. आता कान द्या. टक्... टक्... टक्... हे नॉच चढताहेत आणि प्रत्येक टकीबरोबर मोटरचा गुरगुराट एक पायरी वर जातो. मधे टकटक थांबली तर ड्रायव्हर ॲमीटर, म्हणजे मोटर किती वीज खेचतेय ते दाखवणारा काटा, बघतोय असं समजा. नव्या इंजिनात हा पायऱ्यांचा खेळ नसतो, त्याचा सूर चढत जातो, बारीक शिट्टीसारखा. दोन्ही एकदा लागोपाठ ऐकलीत की पुन्हा कधी चुकणार नाही.

पावसाळ्यात गेलात तर चाकांजवळच्या नळ्या बघा. रूळ ओला झाला की चाक घसरतं, तेव्हा त्या नळ्यांतून रुळावर वाळू पडते. ती वाळू कोरडीच लागते. दमट झाली तर नळीत गोळा होतो आणि ऐन चढावर चाक जागच्या जागी फिरतं. वाळूची पेटी तपासणं हे शेडमधलं कुणाच्याही नजरेत न भरणारं काम, पण घाट त्याच्यावर चढतो.

मुंबईच्या जुन्या विजेची आठवण ठेवा. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि हार्बर मार्गावरची डीसी २०१६ मध्येच थांबली. एसी आणि डीसी दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं त्यासाठीच बनवली होती. त्यातली डब्ल्यूसीएएम-३ भेल या सरकारी कंपनीची, १९९७-९८ ची. ती माझी सर्वांत आवडती. एकाच पोटात दोन वेगळ्या विजांची यंत्रणा मावली होती आणि ती नीट चालवण्यात शेडच्या माणसांचा जीव मेटाकुटीला यायचा, हे तिच्याकडे नुसतं बघून कुणाला कळत नाही.

डिझेलसाठी कर्जतला जायची गरज नाही. यार्डात शंटिंग करणारं डब्ल्यूडीएस-६ दिसलं तर थांबा. सहा सिलिंडरचं आल्को इंजिन, धाप टाकत चालणारं. आल्को ही अमेरिकन कंपनी १९६९ मध्ये इंजिनं बनवायची थांबली, पण वाराणसीच्या कारखान्याने १९६४ पासून तिच्या डिझाइनवर इंजिनं बनवली आणि त्यांना आपल्या मेकॅनिकांनी टिकवलं.

फलाटावरूनच बघा. फलाट तिकीट दहा रुपयांचं, दोन तास चालतं. रुळात उतरलात तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २५,००० व्होल्टची तार, तिला हात लागायची गरज नसते. सेल्फी स्टिक, लांब छत्री, लोखंडी काठी वर धरू नका. वहीत नंबर, शेड, तारीख आणि ऐकलेला आवाज चार शब्दांत लिहा. परतीला कर्जत-सीएसएमटी लोकल मिळते.