रिओचे पान, वालाचे मोड आणि तिवर: पेशी पाणी कसे सांभाळते ते घरी पाहण्याची रीत

पेशीची वाढ, पेशीतील पदार्थांचे वहन आणि पेशीचे अंतर्गत नियंत्रण हे विषय पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत येतात, आणि विद्यार्थ्यांच्या मनातही ते वेगवेगळेच राहतात. प्रत्यक्षात वनस्पतीच्या पेशीत हे तिन्ही विषय पाण्यापाशी एकत्र येतात. पाणी थेट ढकलणारा पंप पेशीकडे नसतो. ती क्षार, शर्करा यांसारखे विरघळलेले पदार्थ आत-बाहेर नेते आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. पेशीचे ताठ राहणे, लांबणे, पानावरील छिद्रांची उघडझाप आणि खाडीच्या खाऱ्या चिखलात झाड जगणे या सगळ्यांच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे. ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या नववी ते बारावीच्या विद्यार्थ्याला ती घरातील आणि परिसरातील साहित्य वापरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावी, यासाठी पुढील प्रयोग दिले आहेत. ते याच क्रमाने करावेत, कारण पुढील प्रत्येक प्रयोगाचा अर्थ मागील प्रयोगावर अवलंबून आहे.

साहित्य फारसे लागत नाही. १०० आणि ४०० पट मोठे दाखवणारा साधा विद्यार्थी सूक्ष्मदर्शी, काचपट्ट्या, कव्हरस्लिप, चिमटा, सुई, ड्रॉपर, टिपकागद, मीठ, स्वयंपाकघरातील वजनकाटा आणि मिलिलिटरच्या खुणा असलेले भांडे एवढे पुरते. सूक्ष्मदर्शी नसेल, तर संशोधक मनू प्रकाश यांच्या गटाने विकसित केलेल्या कागदी फोल्डस्कोपवरही पहिला प्रयोग चांगला दिसतो, कारण तो वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो. पाने रिओची घ्यावीत. वरून हिरवी आणि खालून गडद जांभळी, लांबट, तलवारीसारख्या आकाराची पाने असलेली ही बुटकी झाडे गृहसंकुलांच्या बागांत आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर सर्रास लावलेली असतात. नर्सरीतही ती रिओ याच नावाने मिळतात. रिओच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून पान हाताळल्यावर हात धुवावेत.

पान सकाळी तोडून लगेच पाण्यात ठेवावे. ते तिरके फाडले की फाटलेल्या कडेला जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा मोकळा होतो. तो चिमट्याने धरून अलगद ओढावा आणि त्याचा नखाच्या निम्म्याएवढा तुकडा काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात सपाट पसरावा. कव्हरस्लिप सुईच्या आधाराने तिरकी टेकवून सावकाश खाली सोडावी, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. उन्हाळ्यात पंख्याखाली हा थेंब काही मिनिटांत सुकतो, तेव्हा पंखा बंद ठेवलेला बरा. १०० पट वर्धनाखाली काठोकाठ जांभळ्या रंगाने भरलेल्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या बहुकोनी पेशी दिसतील. कडेच्या काही पेशी रंगहीन दिसतात, कारण पापुद्रा ओढताना त्या फाटलेल्या असतात. त्या मोजू नयेत.

आता १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवावे. या द्रावणाचा एक थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडावा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचे टोक टेकवावे. कागद पाणी शोषून घेतो आणि मिठाचे द्रावण पापुद्र्यावरून सरकत जाते. या वेळी डोळा नेत्रिकेवरून हलवू नये. काही मिनिटांतच जांभळा रंग एखाद्या कोपऱ्यातून पेशीभित्तिकेपासून सुटू लागतो, मग दुसऱ्या कोपऱ्यातून सुटतो, आणि अखेरीस रिकाम्या दिसणाऱ्या चौकटीच्या मध्यभागी गडद जांभळा गोळा उरतो. यालाच रसद्रव्यसंकोच म्हणतात. जसजसा गोळा लहान होतो, तसतसा त्याचा रंग अधिक गडद होतो. हा बदल अवश्य टिपावा, कारण पाणी बाहेर गेले आणि रंगद्रव्य आतच राहिले याचा तो थेट पुरावा आहे.

प्रयोगवहीतील आकृतीत या ठिकाणी बऱ्याचदा एक चूक होते. जांभळा रंग पेशीद्रव्यात नसून रिक्तिकेतील, म्हणजे पेशीच्या आतल्या रसाने भरलेल्या मोठ्या पिशवीतील, रसात असतो. पेशीद्रव्य रिक्तिकेभोवती पातळ थरासारखे पसरलेले असते, आणि प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीद्रव्याला बाहेरून वेढणारा पातळ पडदा, तर या सूक्ष्मदर्शीखाली दिसूच शकत नाही, कारण त्याची जाडी सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर असते, तर प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शीची मर्यादा साधारण २०० नॅनोमीटरपाशी संपते. आपल्याला रंगाची कडा दिसते आणि पटलाची जागा आपण तिच्यावरून ओळखतो. आकृतीला नावे देताना हा फरक स्पष्ट दाखवावा.

यानंतर त्याच पद्धतीने मिठाचे द्रावण काढून साधे पाणी सोडावे. पेशी पुन्हा भरू लागतात. मिठात फार वेळ राहिलेल्या पेशी मात्र पूर्ववत होत नाहीत, म्हणून दहा मिनिटांच्या आत पाणी बदलावे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग याच्या पुढचा आहे आणि वेळेअभावी नेमका तोच गाळला जातो. दुसरा पापुद्रा घेऊन तो उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे ठेवावा आणि मग त्याच्यावर तेच ५ टक्क्यांचे द्रावण सोडावे. या वेळी जांभळा गोळा तयार होत नाही. रंग पेशींबाहेर झिरपलेला असतो आणि रिकाम्या चौकटी मिठाला काहीच प्रतिसाद देत नाहीत. भित्तिका अजून जागेवर आहे, मीठही तेच आहे. नष्ट झाली आहे ती प्रद्रव्यपटलाची निवडक पारगम्यता, म्हणजे काही पदार्थ जाऊ देण्याची आणि काही अडवण्याची क्षमता. मृत पेशींशी ही तुलना केल्याशिवाय पहिल्या निरीक्षणावरून पटलाविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

पाणी पटलातून जाते कसे, याचे उत्तर बरेच उशिरा मिळाले. पीटर अॅग्रे यांनी १९९२ मध्ये एका प्रथिनातून पाण्याचे रेणू पार जातात हे दाखवले आणि या जलवाहिनी प्रथिनांच्या शोधासाठी त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या वाहिन्या पाण्याची वाट मोकळी करतात, पण पाणी कोणत्या दिशेने जाईल ते दोन्ही बाजूंना विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण आणि पेशीतील दाब यांवर ठरते. ज्याला मोजमापाची आवड आहे, त्याने ५ टक्क्यांचे द्रावण टप्प्याटप्प्याने निम्मे करत २.५, १.२५ आणि ०.६ टक्क्यांची द्रावणे तयार करावीत, प्रत्येकात नवा पापुद्रा दहा मिनिटे ठेवावा आणि शंभर पेशींपैकी किती पेशी आकसल्या ते मोजावे. ज्या तीव्रतेला जवळपास निम्म्या पेशींचा रंग भित्तिकेपासून नुकताच सुटू लागलेला दिसतो, ते द्रावण पेशीरसाला ढोबळमानाने समपरासारी, म्हणजे पाणी ओढण्याच्या बाबतीत त्याच्याइतकेच तीव्र, असते. हाच प्रयोग साखरेने केला तर प्रमाण बरेच वाढवावे लागते. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात आणि साखरेचा रेणू मिठाच्या मानाने कितीतरी जड असतो, त्यामुळे १ ग्रॅम मिठाएवढा परिणाम साधायला सुमारे १२ ग्रॅम साखर लागते.

नियंत्रण पाहण्यासाठी वेगळे पान शोधावे लागत नाही. ४०० पट वर्धनाखाली त्याच पापुद्र्यात, जांभळ्या पेशींच्या मधोमध, फिकट पेशींनी वेढलेल्या हिरव्या, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या पेशींच्या जोड्या दिसतात. या रक्षक पेशी आणि त्यांच्यामधील फट म्हणजे पर्णरंध्र. पहाटेपासून प्रकाशात असलेल्या, भरपूर पाणी घातलेल्या झाडाच्या पानाचा पापुद्रा आणि रात्रभर अंधाऱ्या कपाटात ठेवलेल्या कुंडीतील झाडाच्या पानाचा पापुद्रा एकापाठोपाठ पाहावेत आणि प्रत्येकी वीस-पंचवीस रंध्रांपैकी किती उघडी आहेत ते लिहून ठेवावे. फरक नेहमीच ठळक नसतो. दुपारच्या कडक उन्हात तोडलेल्या पानात रंध्रे मिटलेली आढळू शकतात, म्हणून पान तोडल्याची वेळही नोंदवावी.

प्रकाश पडताच रक्षक पेशी ऊर्जा खर्च करून हायड्रोजनचे आयन बाहेर टाकते. त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युतभार बदलतो आणि पोटॅशियमचे आयन आत शिरतात. पोटॅशियममागून पाणी येते, दोन्ही पेशी फुगतात आणि त्यांच्या भित्तिकांची घडण अशी असते की फुगताना त्या बाहेर वाकतात व मधली फट उघडते. मुळांशी पाणी कमी पडले की अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते, पोटॅशियम बाहेर सोडले जाते, पाणीही निघून जाते आणि रंध्र मिटते. उघड्या रंध्रांच्या पापुद्र्यावर मिठाचे द्रावण सोडले तर तीही पाहतापाहता मिटतात. तिथे मात्र पाणी बाहेरून ओढून घेतलेले असते, पेशीने निर्णय घेतलेला नसतो. परिणाम सारखा दिसला तरी कारणे वेगळी आहेत, आणि वहीत ती वेगळीच लिहावीत.

आता वाढीकडे वळू. श्रावणात बिरड्यासाठी कडवे वाल भिजवून मोड आणले जातात, त्यांतले दहा-बारा सरळ मोडाचे, साधारण दोन सेंटिमीटर मूळ आलेले वाल बाजूला काढावेत. मूळ टिपकागदाने अलगद कोरडे करावे. शाईत बुडवून निथळलेला बारीक दोरा मुळावर आडवा टेकवत, टोकापासून दर मिलिमीटरला एक याप्रमाणे दहा खुणा कराव्यात. शाई पाण्यात न पसरणारी असावी. पेनाच्या टोकाने मुळाला इजा होते, म्हणून दोराच वापरावा. काचेच्या बरणीच्या आतल्या बाजूला ओला टिपकागद लावून त्याच्या आणि काचेच्या मध्ये निम्मे वाल मूळ खाली येईल असे ठेवावेत. उरलेले निम्मे दुसऱ्या बरणीत ठेवून तिथला कागद १ टक्का मिठाच्या पाण्याने ओला करावा. दोन्ही बरण्या झाकून चोवीस तास अंधारात ठेवाव्यात.

साध्या पाण्यातील मुळांवर, टोकाच्या थोड्याशा मागील खुणा एकमेकींपासून दूर गेलेल्या आणि फिकट झालेल्या दिसतील. त्याहून मागच्या, जुन्या भागातील खुणा होत्या तिथेच असतील. एकोणिसाव्या शतकात जुलियस फॉन साक्स यांनी याच पद्धतीने मुळाच्या वाढीचा पट्टा ठरवला होता. अगदी टोकाशी पेशींचे विभाजन होते, पण मुळाची लांबी प्रामुख्याने त्यामागच्या पट्ट्यात वाढते, जिथे तयार झालेल्या पेशी लांब होतात. तिथे पेशी हायड्रोजन आयन बाहेर टाकून भित्तिका किंचित आम्लधर्मी करते, त्या आम्लतेत विशिष्ट प्रथिने भित्तिकेचे धागे सैल करतात आणि आतील पाण्याचा दाब भित्तिकेला ताणतो. वनस्पतीच्या पेशीत हा दाब अनेकदा ५ ते १० बार असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या दुपटीहूनही अधिक. मिठाच्या पाण्यातील मुळांवरील खुणा कमी अंतर सरकलेल्या दिसल्या, तर त्याचा अर्थ आता लगेच लावता येईल: बाहेरच्या मिठामुळे पाणी आत येईनासे झाले, दाब घटला आणि ताण कमी पडला.

विभाजन पाहण्यासाठी कांद्याच्या मुळांची टोके वापरतात. ती मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल लागते, त्यामुळे हा भाग घरी न करता शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. बहुतेक पेशी विभाजित होताना दिसत नाहीत, कारण पेशीचक्रातील बराचसा वेळ दोन विभाजनांमधील तयारीत जातो. या तयारीनंतर पुढे जायचे की थांबायचे हे ठरवणाऱ्या प्रथिनांच्या शोधासाठी लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

शेवटचा भाग ठाण्याच्या खाडीकाठचा आहे. तो नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत करावा, कारण पावसात त्यातील मुख्य निरीक्षण धुऊन जाते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात किंवा जिथून खारफुटी जवळून दिसते अशा परवानगीच्या जागी जावे, सोबत हातातले भिंग न्यावे आणि तिवर या खारफुटीच्या झाडाच्या पानांचे पृष्ठभाग बारकाईने पाहावेत. पान तोडू नये. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे आणि या निरीक्षणासाठी पान तोडण्याची गरजही नाही. दुपारी पानांवर मिठाचे चकचकीत कण दिसतात. तिवराची मुळे बहुतांश मीठ आत येण्याआधीच अडवतात, आणि जे येते त्यातील बरेचसे पानांवरील ग्रंथींच्या पेशी ऊर्जा खर्चून बाहेर टाकतात. आत उरलेले मीठ मुख्यतः रिक्तिकांमध्ये कोंडलेले असते आणि पेशीद्रव्यात ग्लायसिन बीटेनसारखे, विकरांना अपाय न करणारे पदार्थ साठवले जातात. त्यामुळे पेशीतील एकूण तीव्रता बाहेरच्या पाण्याहून अधिक राहते आणि पाणी आतच येते.

घरी परतल्यावर १०० मिलिलिटर पाण्यात ३.५ ग्रॅम मीठ विरघळवून समुद्राच्या पाण्याएवढे खारे द्रावण करावे आणि ते रिओच्या नव्या पापुद्र्यावर सोडून शंभरांपैकी किती पेशी आकसल्या ते मोजावे. हा आकडा आधीच्या तक्त्यातील ५ आणि २.५ टक्क्यांच्या आकड्यांमध्ये लिहावा आणि त्याच्यासमोर तिवराच्या मुळाने, ग्रंथीने आणि रिक्तिकेने केलेल्या कामाची नोंद करावी.