निग्रोनी घरी का बिघडते? या चुका टाळा

निग्रोनी या इटालियन कॉकटेलची कृती एका ओळीत मावते: जिन, कॅम्पारी (कडवट चवीचे लाल इटालियन मद्य) आणि लाल स्वीट व्हर्मूथ प्रत्येकी 30 मिली, भरपूर बर्फ आणि संत्र्याची फोड किंवा साल. 1919 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये काउंट कामिल्लो निग्रोनी यांनी अमेरिकानो या पेयात सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली आणि फोस्को स्कार्सेल्ली या बारटेंडरने ती बनवून दिली, अशी तिची प्रचलित जन्मकथा आहे. कृती इतकी सुटसुटीत असल्यामुळे पेय बिघडले की सगळा दोष कॅम्पारीच्या माथी मारला जातो आणि पुढच्या वेळी तिचे माप घटवले जाते. माझ्या मते मुख्य चूक हीच आहे. कॅम्पारी कडू असते तशीच चांगली गोडही असते; त्यामुळे ती कमी केली की कडवटपणाबरोबर गोडवाही जातो आणि जिनची जळजळ तेवढी पुढे येते. मापाला हात लावण्याआधी व्हर्मूथ आणि बर्फ तपासावा.

व्हर्मूथ ही वनस्पती आणि मसाल्यांचा स्वाद दिलेली, थोडे मद्यार्क घालून तीव्र केलेली वाइन आहे. तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण साधारण 15 ते 18 टक्के, म्हणजे जिनच्या निम्म्याहूनही कमी असते. साहजिकच बूच उघडल्यावर हवेच्या संपर्काने ती हळूहळू उतरत जाते, आणि तरीही घरोघरी ती जिनच्या शेजारी, कपाटात, महिनोन्महिने उभी असते. एक चमचाभर व्हर्मूथ नुसतीच चाखून पाहावी. ताजी असेल तर सुक्या फळांचा आणि मसाल्यांचा वास येतो आणि गोडी जिभेवर रेंगाळते. जुनी झालेली असेल तर वास मंदावलेला, किंचित शिरक्याकडे झुकणारा आणि चव पोकळ लागते. अशा व्हर्मूथमध्ये कॅम्पारीला सावरण्याची ताकद उरत नाही, म्हणून पेय कडूजहर वाटते. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिन्याभरात, फार तर दोन महिन्यांत संपवावी. क्वचितच पिणाऱ्यांनी लहान बाटली घेणे शहाणपणाचे. फिकट रंगाची ड्राय व्हर्मूथ येथे चालत नाही, कारण तिच्यात आवश्यक तेवढी साखर नसते.

दुसरी गफलत पाण्याची. 42 टक्क्यांची जिन, 25 टक्क्यांची कॅम्पारी आणि 16 टक्क्यांची व्हर्मूथ समप्रमाणात घेतली, तर 90 मिली मिश्रणाची तीव्रता सुमारे 28 टक्के भरते. ढवळताना बर्फाचे 25 मिलीच्या आसपास पाणी त्यात उतरले की ती 22 टक्क्यांवर येते आणि तेव्हाच तिन्ही स्वाद एकजीव होतात. पाणी कमी पडले तर पेय पाकासारखे जड आणि उग्र लागते. याउलट, पाणी होऊ नये म्हणून दोनच खडे टाकणारे नेमके पाणचट पेय पितात, कारण थोडा बर्फ पेय गार करता करताच विरघळून जातो, तर ग्लास काठोकाठ भरलेला बर्फ लवकर गारवा देतो आणि नंतर सावकाश वितळतो. बर्फ मोठ्या खड्यांचा, फ्रीजरमधून थेट काढलेला आणि कोरडा असावा. बाहेर राहून ओला झालेला बर्फ आपले पाणी आधीच पेयात सोडतो. फ्रीजरमधील इतर पदार्थांचा वासही बर्फाला लागतो, हे विसरू नये. लांब चमच्याने 20 ते 30 सेकंद ढवळणे पुरे. शेकरमध्ये हलवू नये. हवा आणि बर्फाचा चुरा मिसळून तो सुंदर पारदर्शक लाल रंग गढूळ होतो.

पेय उग्र लागले तर आणखी दहा सेकंद ढवळावे. पाणचट झाले असेल तर त्यात वरून जिन ओतून काही साधत नाही, नवे बनवावे. ताजी व्हर्मूथ आणि योग्य बर्फ वापरूनही कडूपणा सोसवत नसेल, तर जिन 40 मिलीपर्यंत वाढवावी, मात्र पेय त्या प्रमाणात कडक होते हे ध्यानात ठेवावे. जिन शक्यतो ज्युनिपरचा, म्हणजे जिनला तिची मूळ चव देणाऱ्या फळाचा, ठसठशीत स्वाद असलेली घ्यावी. नाजूक फुलांच्या वासाची महागडी जिन कॅम्पारीपुढे हरवून जाते. ती टॉनिकसाठी राखून ठेवलेली बरी.

संत्र्याची साल काढताना आतला पांढरा भाग शक्य तितका वगळावा, कारण तो स्वतःच कडू असतो. सालीची रंगीत बाजू पेयाकडे धरून ती चिमटीत वाकवली की तेलाचा बारीक फवारा उडतो आणि पृष्ठभागावर चकाकते ठिपके दिसतात. पहिल्या घोटाआधी नाकाला जाणवतो तो हाच वास. रस मात्र पिळू नये.

आठ जणांसाठी आधीच तयारी करायची असेल तर प्रत्येक घटक 240 मिली घ्यावा आणि त्यात 160 ते 180 मिली पिण्याचे पाणी घालून बाटली काही तास फ्रिजमध्ये ठेवावी. हे पाणी वगळणे ही पाहुण्यांच्या गर्दीत हमखास होणारी चूक आहे. वाढताना ते मिश्रण पुन्हा बर्फात ढवळू नये, एका मोठ्या खड्यावर नुसते ओतावे. साल बाटलीत घालून ठेवू नये, ती प्रत्येक ग्लासवर त्या क्षणी पिळावी.