नागपूरच्या उन्हाळ्यासाठी प्रोसेसरचा लिक्विड कूलर कसा पारखावा

एआयओ (ऑल-इन-वन, म्हणजे पंप, नळ्या आणि रेडिएटर एकत्र बंद असलेला) लिक्विड कूलर चांगला की सुमार, हे स्क्रीनवर दिसणाऱ्या ७५ किंवा ८० अंशांवरून कळत नाही. हा कूलर प्रोसेसरची उष्णता द्रवात घेतो आणि रेडिएटरमधून खोलीतल्याच हवेत सोडतो. त्या हवेपेक्षा तो प्रोसेसरला थंड करू शकत नाही. त्यामुळे पाहायचा आकडा एकच: लोड (जड काम) असताना प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर राहतो. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७२ वर स्थिरावला तर फरक ५० चा. वरच्या मजल्यावरची तीच खोली मे महिन्यात ४० वर गेली की तोच कूलर ९० दाखवणार, आणि त्यात कूलरचा काहीही दोष नसेल. थंड देशांतली परीक्षणे बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत केलेली असतात. त्यांतला फरक तेवढा घ्यावा आणि त्यात आपल्या खोलीचे मे महिन्यातले तापमान मिळवावे.

खरेदीआधी

आधी प्रोसेसर खरोखर किती वॉट घेतो ते पाहा. रायझन ५ ७६०० च्या खोक्यावर ६५ वॉट लिहिलेले असले तरी त्याची प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॉट आहे. एवढ्यासाठी दोन पंख्यांचा चांगला एअर कूलर पुरतो. लिक्विडवर पैसे घालू नका. १५० वॉटच्या आसपास २४० मिमीचा रेडिएटर ठीक. कोअर आय९-१४९००के सारखा २५३ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल, तर नागपुरात ३६० मिमीच्या खाली उतरू नये.

बर्डीला (सीताबर्डी बाजारात) दुकानात जाण्याआधी कॅबिनेट टेपने मोजा. रेडिएटर साधारण २७ मिमी जाड आणि पंखा २५ मिमी, म्हणजे ५२ मिमी जागा हवी. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटर ३८ मिमीचा आहे. तिथे ६३ मिमी लागतात. वरच्या बाजूला बसवताना उंच रॅम आडवी येते, हे बहुतेकांना घरी आल्यावरच कळते.

जुना कूलर नव्या मदरबोर्डवर लावायचा असेल तर सॉकेट (प्रोसेसर बसण्याची जागा) तपासा. इंटेलच्या एलजीए१७०० आणि १८५१ या सॉकेटची भोके ७८ मिमी अंतरावर असतात, एलजीए१२०० ची ७५ मिमीवर. एएमडीच्या एएम४ वर मूळ ब्रॅकेटचे स्क्रू काढताच मागची प्लेट सुटून पडते, म्हणून ती हाताने धरून ठेवा. एएम५ वर ती जागेवरच राहते.

बसवताना

बंद नळ्यांतही थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जमते. ती जागा पंप असेल तर आवाज येतो, पंप झिजतो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणे सर्वांत निर्धास्त. पुढे लावायचा असेल तर त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा, आणि नळ्या पुरत असतील तर त्यांचे टोक खाली ठेवा.

ब्लॉकखालची (प्रोसेसरवर टेकणाऱ्या धातूच्या भागाखालची) पारदर्शक फिल्म काढली का, हे पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) लावण्याआधी बघा. स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, समोरासमोर, प्रत्येकी दोन-दोन फेरे देत आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की पेस्ट तिरकी पसरते. पंख्याचे लांब स्क्रू आणि कॅबिनेटचे आखूड स्क्रू अदलाबदल करू नका. लांब स्क्रू थेट रेडिएटरवर लागला तर आतली नळी फुटू शकते.

पंपाची वायर साध्या पंख्याच्या जागी लावली की मदरबोर्ड त्याचा वेग कमी करत राहतो. ती पंपाच्या जागी लावा, आणि कंपनीने वेगळे सांगितले नसेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) १०० टक्के वेग ठेवा.

चाचणी

१. खोलीचे तापमान मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवरून घेऊ नका. साधा डिजिटल थर्मामीटर हवा आत शिरते तिथे, १०-१५ सेंमी अंतरावर ठेवा. कॅबिनेटची गरम हवा किंवा ऊन त्यावर पडू देऊ नका. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. तो सेन्सरचा दोष असल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. घरातल्या थर्मामीटरवरही एका नजरेत विश्वास ठेवू नये, दुसऱ्याशी ताडून पाहावे.

२. डेझर्ट कूलर चालू ठेवायचा असेल तर चाचणीभर एकाच वेगावर ठेवा आणि त्याचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका. झोतामुळे आकडा खोटा चांगला येतो, शिवाय पाण्याचे तुषार आत जातात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे पुट रेडिएटरच्या बारीक पत्र्यांवर चढते आणि नुसत्या ब्रशने निघत नाही.

३. वॉट बांधून टाका. प्रोसेसरच्या वॉटची मर्यादा ठरवणारी सेटिंग इंटेलवर पीएल१ आणि पीएल२ असतात, एएमडीवर पीपीटी. ती सगळी १५० करा. आजचे प्रोसेसर तापायला वाव मिळेल तितका वेग वाढवतात. रायझन ७००० तर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. वॉट मोकळे ठेवले तर चांगला आणि सुमार कूलर दोघेही ९५ दाखवतील आणि खरा फरक फक्त वेगात उरेल.

४. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारे चाचणी सॉफ्टवेअर) ची वेळ १० वरून ३० मिनिटे करा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंद चालू ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी घ्या. पहिल्या दहा मिनिटांत द्रव अजून तापतच असतो, म्हणून तेवढ्यात घेतलेले आकडे कूलरला नको तितके चांगले ठरवतात.

आकडे वाचताना

खरे निदान इथे होते. लोड सुरू होताच तापमान काही सेकंदांत उडी मारते. ही उडी प्रोसेसर, पेस्ट आणि ब्लॉक यांची. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे जी संथ चढण दिसते ती द्रव, रेडिएटर आणि पंखे यांची.

लोड थांबवला की ५ ते १० सेकंदांत तापमान कोसळते आणि एका जागी रेंगाळते. ती जागा द्रवाच्या तापमानापेक्षा थोडीशीच वर असते. समजा खोली ३३, लोडवर प्रोसेसर ८०, थांबवल्यावर ४८ वर रेंगाळला. द्रव साधारण ४५ धरा. एकूण फरक ४७. त्यातले १२ रेडिएटरचे आणि ३५ ब्लॉकच्या बाजूचे. आता २४० ऐवजी ३६० घेतला तर ते १२ घटून ८ च्या आसपास येतील, म्हणजे एवढा खर्च करून मिळणार चार अंश. उडीच मोठी असेल तर मोठ्या रेडिएटरने काही साधत नाही. ब्लॉक उतरवून पेस्टचा ठसा पाहा. मधोमध पातळ, सर्वत्र एकसारखा ठसा हवा. एका बाजूला जाड थर राहिला असेल तर स्क्रू तिरके आवळले गेले आहेत.

द्रव ६० च्या जवळ जाऊ देऊ नका. बहुतेक कूलरची मर्यादा तिथेच असते.

दोन्ही नळ्यांना हात लावून पाहा. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर २०० वॉट उष्णतेनेही दोन नळ्यांत जेमतेम तीन अंशांचा फरक पडतो. एक नळी चटका देणारी आणि दुसरी गार लागली तर प्रवाह अडला आहे, मग स्क्रीनवर पंपाचे फेरे कितीही व्यवस्थित दिसोत.

आवाजासाठी हीच चाचणी पंखे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर बांधून पुन्हा करा. पूर्ण वेगात चांगला वाटणारा कूलर या वेगात ढेपाळला, तर रात्री अभ्यासाच्या खोलीत तो त्रासच देणार. सुरुवातीला थोडी गुळगुळ चालते. आठवडा उलटूनही राहिली तर कॅबिनेट हळूच तिरपे करून हवा वर जाऊ द्या.

पुढची काळजी

आलेला फरक, वॉट आणि पंख्यांचा वेग वहीत लिहून ठेवा. हीच चाचणी दरवर्षी मार्चमध्ये, उन्हाळा लागण्याआधी करा. फरक पाच अंशांहून जास्त वाढला तर आधी धूळ काढा: पंख्याची पाती बोटाने धरून हवेच्या नेहमीच्या दिशेच्या उलट ब्लोअर मारा. त्यानेही भागले नाही तर पेस्ट बदला. तरीही फरक तसाच राहिला तर द्रव कमी झाला आहे किंवा ब्लॉकच्या आतल्या खाचा तुंबल्या आहेत. नळ्यांच्या रबरातून द्रव वर्षानुवर्षे थोडा थोडा उडत असतो आणि बहुतेक एआयओ पुन्हा भरता येत नाहीत, म्हणून वॉरंटी तीन वर्षांची की सहा, हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) खोली जास्तीत जास्त जितकी तापते त्यात तुमचा फरक मिळवा. बेरीज प्रोसेसरच्या मर्यादेपेक्षा निदान पाच अंश खाली हवी. ही मर्यादा १४९००के ला १००, रायझन ७००० ला ९५ आणि ७८००एक्स३डी ला ८९ आहे. बसत नसेल तर नवा कूलर घेण्याआधी १५० वॉटची मर्यादा १२५ वर आणून पाहा. वेग थोडा घटतो, तापमान मात्र सात-आठ अंशांनी उतरते.