ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारासाठी जाताना: काय न्यायचं, काय विचारायचं, काय मागायचं

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. गेली नऊ वर्षं आम्ही दोघं आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जातोय. मी शिवणकाम करते, त्या दिवशी मशीन बंद. या नऊ वर्षांत जे हळूहळू कळत गेलं, ते पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं तर खूप हेलपाटे वाचले असते. म्हणून लिहितेय.

आधी वार विचारून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला रोज बसत नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी येतं. आमच्याकडे दुसरा आणि चौथा गुरुवार आहे, तुमच्याकडे वेगळा असेल. रुग्णालयात फोन करा, नाहीतर गावातल्या आशाताईंना विचारा. केस पेपरला पैसे लागत नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

समोर कोण बसलंय तेही विचारा, कुणी रागावत नाही. औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. मानसशास्त्रज्ञ बोलून, चाचण्या घेऊन मदत करतात. सोशल वर्कर घरची परिस्थिती, दाखले, योजना बघतात. आम्ही पहिले सहा महिने सोशल वर्करनाच डॉक्टर समजत होतो आणि गोळ्यांच्या तक्रारी त्यांनाच सांगत होतो.

सोबत जुने सगळे कागद न्या, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या आणि एक वही न्या. वहीत झोप, जेवण, हात थरथरणं, वजन, काय बिघडलं, काय सुधारलं ते तारीखवार लिहा. डॉक्टरांकडे एका माणसाला पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात आठवत बसलात तर नेमकं महत्त्वाचं राहून जातं.

आता माझी स्वतःची चूक सांगते. कितीतरी वर्षं डॉक्टर भावाला प्रश्न विचारायचे आणि उत्तर मी द्यायचे. "झोप लागते का?" "हो, लागते." तो खाली मान घालून बसायचा. एका गुरुवारी नवीन डॉक्टरबाई होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसता का?" मला राग आला. बाहेर बाकावर बसून मी नुसती दाराकडे बघत होते. मग त्यांनी त्याच्यासमोर, त्याला विचारून, मला आत बोलावलं आणि तो स्वतः म्हणाला, "रात्रीची गोळी मी टाकून देत होतो. ती घेतली की पहाटे पाचला धार काढायला जाग येत नाही. म्हशी ओरडत राहतात." तीन महिने त्याने गोळी घेतली नव्हती आणि मी वहीत "गोळ्या वेळेवर" लिहीत होते. डॉक्टरबाईंनी गोळीची वेळ संध्याकाळी सातवर आणली. तेव्हापासून तो चुकवत नाही. (वेळ किंवा मात्रा आपल्या मनाने बदलू नका, डॉक्टरांनाच बदलू द्या.)

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मध्ये जे हक्क लिहिलेत ते पेशंटचे आहेत. आजार काय, उपचार कोणता, त्याचे दुष्परिणाम कोणते, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे. त्याची माहिती गुप्त राहिली पाहिजे. आमच्याकडे एकदा खिडकीवरून आजाराच्या नावासकट पुकारा झाला आणि गावातले चौघं वळून बघायला लागले. मी तिथे भांडले नाही. सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं, "फक्त नंबर पुकारा." पुढच्या खेपेपासून नंबर पुकारला. स्वतःच्या उपचाराचे कागद मागण्याचाही त्याला हक्क आहे.

गोळ्यांचं मात्र लिहूनच द्यावं लागतं. या कायद्याचं कलम 18 सांगतं की सरकारच्या अत्यावश्यक औषध यादीतली मानसिक आजाराची औषधं तालुक्याच्या या रुग्णालयापासून वर सगळीकडे, सगळ्या वेळी, मोफत मिळाली पाहिजेत. तरी भावाच्या गोळीबद्दल "रिस्पेरिडोन संपलंय, बाहेरून घ्या" असं आम्ही ऐकलंय. तोंडी हुज्जत घालून काही होत नाही. साध्या कागदावर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने अर्ज करा: केस पेपर नंबर, औषधाचं नाव, कोणत्या तारखेला मिळालं नाही, "कलम 18 प्रमाणे औषध उपलब्ध करून द्यावे", खाली सही. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. दाद लागली नाही तर तीच प्रत जोडून जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या. आमची गोळी आठ दिवसांत आली.

भरती करायची वेळ आली तर नीट लक्ष द्या. माणूस स्वतः होऊन भरती झाला असेल, तर सुट्टी मागितल्यावर त्याला सोडावं लागतं. फार तर तपासणीसाठी डॉक्टर 24 तास थांबवू शकतात. त्याला स्वतः निर्णय घेणं जमत नसेल, तर त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या (तो कसा नेमायचा ते शेवटी सांगितलंय) अर्जावर भरती होते, आधी दोन जणांनी स्वतंत्र तपासावं लागतं आणि ही पहिली मुदत 30 दिवसांपर्यंत असते. ही भरती मान्य नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे याच कायद्याप्रमाणे पेशंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करता येतो, त्याला फी नाही. वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, तोही मोफत मिळतो. साखळीने बांधणं कुठेही, कुणीही केलं तरी बेकायदा आहे. 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत मानसिक रुग्णांना ठेवायच्या एका ठिकाणी आग लागली तेव्हा साखळीत बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, जळून गेली. एका ठिकाणी "चार दिवस बांधून ठेवू, शांत होईल" असं आम्हालाही सांगितलं होतं. आम्ही त्याला घेऊन तसेच परत फिरलो.

रात्री-अपरात्री काही झालं तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

वर म्हटलं तो प्रतिनिधी माणूस बरा असतानाच नेमून ठेवा. कोऱ्या कागदावर नाव लिहायचं, सही किंवा अंगठा करायचा आणि त्या दुसऱ्या माणसाची लेखी संमती घ्यायची. पुढे केव्हाही बदलता येतं. भाऊ कागद घेऊन बसला तेव्हा मी धरूनच चालले होते की माझं नाव येणार. त्याने मामेभावाचं लिहिलं. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना तोच म्हणाला, "ताई, मी आजारी पडलो की तू रडतेस. तो रडत नाही, गाडी काढतो." तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय आणि त्याची झेरॉक्स केस पेपरला जोडलीय.