केमो चालू असताना मुलाच्या तोंडात बुरशी झाली तर

रोज ब्रश करायच्या आधी टॉर्च लावून जीभ, टाळू, ओठांचे कोपरे आणि गालांची आतली बाजू बघा. फाटलेल्या दुधासारखे पांढरे चट्टे दिसले तर ओल्या गॉजने हलकेच पुसा. दुधाचा थर सहज निघतो. बुरशीचा, म्हणजे कँडिडाचा, थर चिकटून बसतो आणि निघालाच तर खाली लालभडक जागा दिसते, कधी रक्तही येतं. प्लेटलेट कमी असतील तर पुसायच्या फंदात न पडता डॉक्टरांना दाखवा. केमोने तोंड येतं तेव्हाही दुखतं, पण ते फोड वेगळे आणि त्यांचे उपचारही वेगळे.

निस्टॅटिन या बुरशीविरोधी द्रव औषधात सहसा दर मिलीला १ लाख युनिट असतात. नेहमीचा डोस तान्ह्या बाळाला २ मिली, मोठ्या मुलाला ४ ते ६ मिली, दिवसातून चार वेळा. बाटली आधी नीट हलवा. हे औषध रक्तात जवळजवळ उतरत नाही, जिथे लागतं तिथेच काम करतं. म्हणून अर्धा डोस एका गालात, अर्धा दुसऱ्या गालात सोडा. मोठ्या मुलाने ते शक्य तितका वेळ तोंडात घोळवावं आणि मग गिळावं. घटकन गिळलं तर डोस वाया गेला असं समजा. खाणंपिणं आधी उरकून घ्या, नंतर अर्धा तास काही नको. क्लोरहेक्सिडिनने (जंतुनाशक माउथवॉशने) चूळ भरत असाल तर दोन्हींत तासाभराचं अंतर ठेवा, नाहीतर दोन्हींचा असर कमी होतो. चट्टे गेले तरी आणखी ४८ तास औषध चालू ठेवा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

केमोच्या मुलांना नुसतं वरून लावायचं औषध पुष्कळदा पुरत नाही. मग डॉक्टर फ्लुकोनॅझोल हे पोटातून घ्यायचं बुरशीविरोधी औषध देतात: साधारणपणे पहिल्या दिवशी किलोमागे ६ मिग्रॅ, नंतर रोज ३ मिग्रॅ, ७ ते १४ दिवस. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच. फ्लुकोनॅझोलच्या गटातल्या औषधांमुळे व्हिन्क्रिस्टिनचा दुष्परिणाम वाढू शकतो: बद्धकोष्ठता, जबडा दुखणं, हातापायांना मुंग्या.

ब्रश मऊच हवा. चोखणी आणि बाटलीची बुचं रोज उकळा. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको.

गिळताना छातीत दुखत असेल, मूल लाळही गिळत नसेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असू शकते. तिथे निस्टॅटिन पुरत नाही, त्याच दिवशी दाखवा. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर पॅरासिटामॉल न देता, रात्र असली तरी, लगेच रुग्णालयात न्या.