आधी कान, मग खोका: रोजच्या ऐकण्यासाठी हेडफोन कसा निवडावा

हेडफोन घ्यायला निघालं की नजर आधी खोक्यावरच्या आकड्यांवर जाते. ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर) किती मिलिमीटरचा, फ्रिक्वेन्सी कुठून कुठपर्यंत, बॅटरी किती तास. यातला बॅटरीचा आकडा सोडला तर बाकीच्यांवरून आवाज कसा असेल हे जवळजवळ काहीच कळत नाही. २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ हे तर सरसकट सगळीकडे छापलेलं असतं, कारण माणसाच्या कानाची झेपच साधारण तेवढी आहे. त्या पट्ट्यातला कुठला भाग किती जोरात वाजतो हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर खोक्यावर नसतं. मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला आवाज, हाही गैरसमजच. नीट जुळवलेला ६ मिलिमीटरचा ड्रायव्हर १२ मिलिमीटरच्या गचाळ ड्रायव्हरला सहज मागे टाकतो.

आवाजात सगळ्यात मोठा फरक पडतो तो हेडफोन कानावर किंवा कानात कसा बसतो याने. म्हणून आधी कुठे ऐकणार ते ठरवा, मग कानाला काय सोसतं ते बघा, त्यानंतर आवाज पारखा. ब्लूटूथची आवृत्ती, ॲप, टच वगैरे सगळ्यात शेवटी.

कुठे ऐकणार?

शांत खोलीत एकट्याने ऐकायचं असेल तर ओपन-बॅक हेडफोनला तोड नाही. त्याच्या कपांच्या मागे जाळी असते, त्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता मोकळा येतो. पण बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं, म्हणजे शेजारी बसलेल्यालाही तुमचं गाणं ऐकावं लागतं. शिवाय अगदी खालचा बास (जाड, खालचे सूर) यात बऱ्याचदा थोडा कमी असतो.

प्रवासात किंवा चार माणसांत बसून ऐकायचं असेल तर पर्याय दोनच: कान पूर्ण झाकणारा क्लोज्ड हेडफोन, किंवा रबराची टिप असलेला इन-इअर. रस्त्यावर चालताना, धावताना मागची गाडी ऐकू येणं गरजेचं आहे. तिथे कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे, बिनरबराचे इअरबड बरे. कानासमोरच्या हाडावर टेकणारे बोन कंडक्शन हेडफोनही चालतात, फक्त त्यांच्यातून बासची अपेक्षा करू नये.

कानावर नुसता टेकणारा छोटा ऑन-इअर हेडफोन घडी करून ठेवायला सोपा, पण तासाभरात कानाची पाळी दुखायला लागते आणि बाहेरचा आवाजही धड अडत नाही. रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

कानात नीट बसलाय का?

‘बास अजिबात नाही’ ही इन-इअरबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार, आणि बहुतेक वेळा दोष इअरफोनचा नसून टिपच्या मापाचा असतो. टिप आणि कानाच्या नळीत बारीकशी फट राहिली तरी खालचे सूर त्यातून निसटतात आणि उरतो तो पातळ, चिरका आवाज.

सोबत सहसा लहान, मध्यम, मोठ्या टिप्स येतात आणि मध्यम आधीच बसवलेल्या असतात. बरेच जण त्या कधी बदलतच नाहीत. तिन्ही मापं लावून बघा. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि किंचित मागे ओढा, इअरफोन हलकेच फिरवत आत सरकवा आणि मग पाळी सोडा. आता बोलून बघा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर टिप बरोबर बसली. त्यानंतर बास असलेलं गाणं लावून इअरफोन बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर बास एकदम वाढला तर फट आहे, एक माप मोठी टिप लावा. काहीच बदल झाला नाही तर माप बरोबर आहे. शेवटी घास चावल्यासारखा जबडा हलवा, कारण स्थिर बसल्यावर घट्ट वाटणारी टिप जबडा हलला की सुटू शकते. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे, त्यात बिचकण्यासारखं काही नाही.

सिलिकॉनची एकही टिप टिकत नसेल तर फोमच्या घ्या. त्या बोटांत वळून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत १५-२० सेकंद धरून ठेवायच्या. बाहेरचा आवाज त्या जास्त अडवतात, पण ट्रेबल (वरचे, बारीक सूर) थोडा गिळतात आणि काही महिन्यांत फुगायच्या बंद होतात. म्हणजे हा खर्च दर काही महिन्यांनी करावा लागणार, हे धरून चला.

कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये अडचणी वेगळ्या. चष्म्याची काडी पॅडखालून जाते तिथे फट पडते आणि बास गळतो. जाड काडीच्या चष्म्याला मऊ, जाड पॅड हवेत. कपाची खोली कमी असेल तर कानाचा वरचा भाग आतल्या जाळीला टेकतो. हे पहिल्या पाच मिनिटांत जाणवत नाही, अर्ध्या तासाने टोचायला लागतं. म्हणून दुकानात दोन मिनिटं लावून बघण्याला फारसा अर्थ नाही, निदान अर्धा तास डोक्यावर ठेवून बघा. वजन २५० ग्रॅमच्या आसपास असेल तर बहुतेकांना चालतं. ३५० ग्रॅमच्या पुढे टाळूवर दाब जाणवू लागतो, मग हेडबँडची गादी कितीही जाड असो. लेदरसारखे पॅड आवाज चांगला कोंडतात पण घाम आणतात. मखमली पॅडमध्ये हवा खेळते, त्याच्या बदल्यात बास थोडा उतरतो.

आवाज कसा पारखायचा?

दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला जास्त चांगला वाटतो आणि एखाद-दोन डेसिबलचा फरकही फसवायला पुरतो.

पारखायला स्वतःची पाठ असलेली चार-पाच गाणी घ्या. दुकानातली डेमोची गाणी नकोत, ती कशावरही छान वाजतात. एक गाणं असं हवं ज्यात आवाज पुढे आणि साथ कमी आहे. गायक समोर, मधोमध उभा वाटला पाहिजे. तो डावीकडे किंवा उजवीकडे कललेला वाटला तर आधी टिप तपासा, मग हेडफोनवर संशय घ्या. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं कानाला कापत असतील तर साधारण ५ ते ८ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात ट्रेबल गरजेपेक्षा वर आहे. हा दोष दहा मिनिटांत ‘काय स्वच्छ आवाज आहे!’ वाटतो आणि तासाभरात डोकं उठवतो.

बाससाठी तबला उत्तम. डग्ग्यावर घासून काढलेला घुमारा खाली-वर सरकताना स्पष्ट कळला पाहिजे. सगळ्या थापा एकाच सुरात ‘धम्म धम्म’ येत असतील तर बास वाढवलेला आहे पण त्याला घाट नाही. तंबोऱ्याच्या तारांचा झंकार, झांजेचा विरत जाणारा नाद हे ट्रेबलचं माप. नाद मध्येच तुटल्यासारखा वाटला तर वरचं टोक दबलेलं आहे. शेवटी भरपूर वाद्यं असलेलं एक गाणं लावा आणि एकेक वाद्य वेगळं धरता येतं का बघा.

प्रत्यक्ष ऐकायची सोय नसेल तर मोजणीचे आलेख (कुठला सूर किती जोरात वाजतो हे दाखवणारी रेघ) कामाला येतात. हर्मन या ध्वनी उपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच श्रोत्यांवर चाचण्या घेतल्या. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा तोल, म्हणजे खाली थोडा उठलेला बास आणि वर न टोचणारा ट्रेबल, बहुतेकांना आवडतो असं त्यातून दिसलं. आलेखांवर ‘हर्मन टार्गेट’ म्हणून जी रेघ असते ती हीच. हेडफोनची रेघ तिच्या जवळपास असेल तर निवड सहसा चुकत नाही. मात्र इन-इअरच्या आलेखात ८-१० किलोहर्ट्‌झच्या वरचे चढउतार फार मनावर घेऊ नका. तो भाग टिप किती खोल गेली यावर बदलतो.

थोडं उणंदुणं इक्वलायझरने (बास, ट्रेबल वगैरे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने) भरून निघतं. शक्यतो जे जास्त आहे ते कमी करा. बास ५ डेसिबलने वाढवायचाच असेल तर प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी) तेवढाच, म्हणजे उणे ५ वर आणा. नाहीतर गाण्याच्या मोठ्या जागांवर आवाज फाटतो आणि खापर हेडफोनवर फुटतं.

वायर की ब्लूटूथ?

वायरच्या हेडफोनमध्ये सारख्या पैशांत सहसा आवाज चांगला मिळतो आणि बॅटरी म्हातारी होण्याची भानगड नाही. फोनला लावायचा असेल तर इम्पिडन्स (हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) १६ ते ३२ ओहम बघा. गणित सोपं आहे. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज येतो ते) एका मिलिवॅटला १०० डेसिबल धरली तर गाण्यातल्या क्षणभराच्या ११० डेसिबलच्या टोकाला १० मिलिवॅट लागतात. ३२ ओहमला त्यासाठी साधारण ०.५७ व्होल्ट पुरतात, ३०० ओहमला १.७ व्होल्ट. फोनचा छोटा डोंगल (फोन आणि हेडफोनची वायर यांच्यामधला जोडतुकडा) एक व्होल्टच्या आसपास देतो, म्हणून ३०० ओहमचा हेडफोन त्यावर वाजतो खरा, पण हळू रेकॉर्ड झालेल्या गाण्याला दम पुरत नाही. सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटवर दिली आहे की व्होल्टवर, हेही वाचा. तोच ३२ ओहमचा हेडफोन मिलिवॅटवर १०० तर व्होल्टवर ११५ दाखवतो.

यूएसबी-सी डोंगल दोन जातींचे असतात. काहींच्या आत डिजिटलचा आवाज करणारी चिप (डॅक) असते, काही नुसती तारांची जोडणी असतात. दुसऱ्या जातीचे बऱ्याच फोनवर मुकेच राहतात. डोंगल घेताना आत डॅक आहे याची खात्री करा.

ब्लूटूथमध्ये कोडेकवरून (आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीवरून) वाद खूप होतात, पण रोजच्या ऐकण्यात बसणं आणि तोल यांच्यापुढे त्याचं महत्त्व थोडंच. एवढं लक्षात ठेवा की कोडेक दोन्हीकडे लागतो. आयफोन एसबीसी आणि एएसी या कोडेकवरच चालतो, त्यामुळे त्याच्यासाठी एलडॅक या दुसऱ्या कोडेकचे जादा पैसे मोजण्यात हशील नाही. अँड्रॉइडवर एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किलोबिट) जातं, पण गर्दीत तुटू लागलं तर ६६० किंवा ३३० वर उतरवावं लागतं.

कोडेकपेक्षा जास्त लोकांना छळणारा प्रकार वेगळाच आहे. लॅपटॉपला जोडलेला छान वाजणारा हेडफोन मीटिंग सुरू होताच जुन्या टेलिफोनसारखा वाजू लागतो. माइक चालू झाला की सर्वसाधारण ब्लूटूथ गाण्याचा मार्ग सोडून कॉलच्या मार्गावर जातं. तिथे एकच चॅनेल आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्‌झचं सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने कमी. सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, आवाज पूर्ववत होतो.

बिनतारी छोट्या बड्समधली बॅटरी इवलीशी असते आणि रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत तिचा जोर ओसरतो. ती बदलणं बहुधा परवडत नाही. कान झाकणाऱ्या ब्लूटूथ हेडफोनला वायर लावायची सोय आहे का, आणि बॅटरी संपल्यावरही तो वायरवर वाजतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा आवाज माइकने टिपून खोडण्याची सोय, इंजिनची घरघर, पंख्याचा आवाज असा सलग खालचा आवाज छान कापतं. बोलणी, भांड्यांचा खणखणाट तेवढा कापत नाही. तिथे टिपच कामाला येते. वाऱ्यात बाहेरच्या माइकवर झोत बसून घुरघुर येते, तेव्हा ते बंद करा.

किती मोठ्याने?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. गोंगाटात उघडे इअरबड लावणारा माणूस नकळत इतका आवाज वाढवतो. म्हणून रोज गोंगाटातून प्रवास असेल, तर बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन घेणं कानाच्या तब्येतीसाठीही योग्य.

बिघाड वाटतो, पण नसतो

एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला तर आधी जाळी बघा, बहुतेक वेळा कानातला मळ अडकलेला असतो. टिप काढा, इअरफोनचं तोंड खाली धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा. फुंकर मारू नका, मळ आणि ओल दोन्ही आत जातात.

गाण्यातून गायकच गायब झाला आणि वाद्यं पोकळ, लांबून आल्यासारखी वाजू लागली तर पिन पूर्ण आत गेलेली नाही. ग्राउंडचा (दोन्ही बाजूंच्या सामाईक तारेचा) संपर्क सुटला की दोन्ही बाजूंच्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो, आणि मधोमध असलेला गायक दोन्हीकडे सारखाच असल्याने वजा होतो. पिन ‘टक्’ होईपर्यंत दाबा. तरी तसंच राहिलं तर जॅकमध्ये खिशातला कचरा साचलाय किंवा पिनपाशी आतली तार तुटली आहे.

ही तार बहुतेकदा पिनपाशी किंवा दोन फाटे फुटतात तिथेच तुटते. म्हणून सुटी होणारी केबल असलेला इन-इअर जास्त टिकतो. घेताना जोडणी ०.७८ मिलिमीटरची दोन पिनांची आहे की एमएमसीएक्स (गोल, टक् करून बसणारी), ते लिहून ठेवा, कारण एकाची केबल दुसऱ्याला बसत नाही. व्यायामाला वापरणार असाल तर निदान आयपीएक्स-४ (पाण्याचे शिंतोडे सोसण्याचा दर्जा) हवं. ते बड्सना लागू असतं, चार्जिंगच्या डबीला बहुधा नाही. घामट बड्स पुसून मगच डबीत ठेवा. आणि मोठा हेडफोन घेणार असाल तर त्याचे सुटे पॅड मिळतात का हे आधीच बघा. लेदरसारख्या पॅडचे पापुद्रे काही वर्षांत निघतातच, आणि पॅड मिळाले नाहीत तर चालता हेडफोन टाकून द्यावा लागतो.